खाणीचं न्हाणीघर आणि टोळीचं तेल

पहिल्या पाळीची माणसं अंघोळ करून घरी गेली, मी हुश्श करून खुर्चीत टेकलो, आणि तेवढ्यात वस्तीतल्या बाया छाती पिटत खाणीच्या फाटकाशी आल्या.

आधी वाटलं, पाण्यावरून भांडण असेल. मग रडणं ऐकू आलं तसा उठून धावलो. चौकीदार दोन्ही हात पसरून उभा होता आणि बाया त्याच्या हाताखालून आत येत होत्या. सगळ्यांत पुढे अनुसयाबाई. तिचा मुलगा लहानू आमच्याकडे टिंबरमन होता. टिंबरमन म्हणजे खाणीत छत खाली येऊ नये म्हणून लाकडाचे टेकू लावणारा माणूस. तिने माझं मनगटच धरलं.

"साहेब, सांगा ना, कोन गेलं? आमचा लहानू कुठी हाये?"

"कोणी गेलं नाही बाई. झालं काय?"

"मंग हे सारे ओलेच काऊन आले? कोनाच्या मातीवरून आले?"

मला काही सुधरेना. टिंबरमन लोक पाळी संपल्यावरही मागे राहतात, टेकू तपासून शेवटी वर येतात. तसं मी तिला सांगत होतो, पण ती ऐकण्यापलीकडे गेली होती. बाकीच्या बाया खाणीच्या तोंडाकडे धावल्या. तिथे उतरणीवरून दोन टिंबरमन वर येत होते, डोळे आणि दात सोडून सगळे काळे. त्यातला एक लहानू. अनुसयाबाईने त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, आपले तळहात काळे झालेले पाहिले आणि मटकन खाली बसली.

"काळाच आला वो बाई," ती इतर बायांना सांगत होती, रडत होती आणि हसतही होती. "काळा आला म्हंजे जिवंत आला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या चांदा भागात कोणाला माती द्यायला गेलेली माणसं नदीवर नाहीतर नाल्यावर अंघोळ करतात आणि ओल्या धोतराने घरी परततात. कोळशाच्या खाणीतून माणूस काळा येतो. इतकी वर्षं तो काळाच येत आला. त्या दिवशी प्रथमच खाणीच्या रस्त्याने स्वच्छ, ओली, थंडीने माना खाली घातलेली माणसं रांगेने वस्तीकडे आली. ज्यांचे नवरे दारात पोचले त्या बायांना खरं कळलं. ज्यांची माणसं मागे राहिली होती, त्यांना थांबून विचारायची शुद्ध कुठली?

आता हे न्हाणीघर काय प्रकरण होतं ते सांगतो.

खाण माजरीच्या बाजूची. नाव सांगत नाही, कारण तिचा मालक आणि माझा मॅनेजर यांच्याबद्दल मला चांगलं बोलता येणार नाही. मी तिथे सिव्हिल ओव्हरसिअर, तोही टेंपररी. घरी बायको, आई आणि तान्ही मुलगी. आधीची नोकरी सुटल्यावर बरेच महिने बसून काढले होते, त्यामुळे ही नोकरी मी दातांनी धरून ठेवली होती.

कायदा असा होता की खाणीच्या तोंडाशी कामगारांसाठी अंघोळीची जागा पाहिजे. तिला पिटहेड बाथ म्हणतात. आमच्याकडे ती होती, म्हणजे कागदावर होती. प्रत्यक्षात एक लांबट शेड, फुटलेला हौद, तुंबलेली नाली आणि मुक्कामाला वस्तीतल्या बकऱ्या. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "खाणींचे इन्स्पेक्टर येणार आहेत. त्याआधी बाथ चालू पाहिजे. नुसता बांधून नाही, चालू. माणसं अंघोळ करताना दिसली पाहिजेत. नाही दिसली तर मी शेडमध्ये टेकू ठेवीन आणि तुमची ऑर्डर पुढे वाढणार नाही."

मी म्हटलं, "होईल, सर."

आणि केलं, बरं का. आजही त्या कामाचा मला अभिमान आहे. फरशी उखडून नव्याने ढाळ दिला. ढाळ म्हणजे उतार. तो चुकला की पाणी साचतं आणि माणूस घसरतो. नाल्या कोळशाच्या भुकटीने तुंबत होत्या, म्हणून बाहेर गाळाची टाकी काढली, म्हणजे काळं पाणी आधी तिथे थांबतं, गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी पुढे जातं. वर फवारे बसवले. उभं राहून अंघोळ करायला लोक तयार होईनात, म्हणून फवाऱ्याखाली बसायला दगडी ओटे घातले. कोळशाचे डबे ओढणारं इंजिन वाफेवर चालायचं, त्याच्या वाया जाणाऱ्या वाफेवर पाणी तापवलं. थंडीचे दिवस. कढत पाणी डोक्यावर पडलं तसे लोक ओरडायलाच लागले आनंदाने. चिमूरकडचा एक म्हातारा लोडर, कोळसा भरणारा, तर उठायलाच तयार नव्हता.

म्हणून मी हुश्श करून खुर्चीत टेकलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली. लोक वर आले, दिवे जमा केले आणि न्हाणीघराकडे न बघता काळेच्या काळे घरी गेले. आत फवारे चालू होते आणि खाली कोणी नव्हतं. मी लहानूला अडवलं.

"काय रे, फवारे बसवताना पाहून तर नाचत होतास. आज तुझी पाळी होती ना?"

"साहेब, मायनं शपथ घातली हाये. रातभर तिची छाती धडधडून राह्यली. मले न्हाचं नाई."

मॅनेजरसाहेब खिडकीतून पाहत होते. संध्याकाळी ते टेप घेऊन शेड मोजायला आले. टेकू किती मावतील ते माझ्यासमोरच मोजत होते. असा राग आला होता मला की काय सांगू. पण टेंपररी माणसाने राग गिळायचा असतो.

पहिला उपाय मी सरकारी डोक्याने केला. वस्तीत दवंडी पिटवली: खाणीवर नवीन न्हाणीघर झालं आहे, माणसं न्हाऊन घरी येतील, कोणी घाबरू नये, कोणी मेलेलं नाही. दवंडी ऐकून बाया जास्तच घाबरल्या. मी अनुसयाबाईच्या दारी गेलो. ती धान पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"कोनी मेलं नाई, हे मागच्या बारीलेबी तुमच्या हापिसानं सांगतलं होतं," ती म्हणाली. "छत पडलं तवा. दिवसभर सांगत राह्यले, सारे ठीक हायेत. सांजेले मानसं नदीवरून ओली आली, तवा आमाले समजलं. तुमची दवंडी ठेवा तुमच्यापाशी."

तो अपघात मी यायच्या आधीचा. मला कोणी सांगितलंही नव्हतं. मी परत आलो. त्या बाईवर रागावणं शक्य नव्हतं आणि दुसऱ्या कोणावर रागवावं हेही कळेना.

मग विचार केला, घोटाळा ओल्या कपड्यांचा आहे. कपडे कोरडे करू. न्हाणीघराला लागून एक खोली होती, तिच्यात तुटके दिवे ठेवायचे. मुळात ती ड्राइंग रूम होती, म्हणजे कपडे वाळवायची खोली, आणि नकाशावर तसं लिहिलेलंही होतं. दिव्यांचा बाबू म्हणाला, "ही लँप स्टोअर आहे. खाली करायला मॅनेजरसाहेबांचा हुकूम लागेल." मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "दिवे कुठे ठेवू? माझ्या बंगल्यात?" मी म्हटलं, "माझ्या क्वार्टरमध्ये ठेवा, सर." आणि खरोखर ठेवले. पुढे कितीतरी दिवस माझी आई तुटक्या दिव्यांच्या खोक्यावर बसून पोरीला न्हाऊ घालत होती आणि मला बोलत होती.

त्या खोलीत वाफेचे पाइप फिरवले, वर दोऱ्या बांधल्या. सकाळी येताना माणसाने कोरडं धोतर तिथे टांगायचं, अंघोळीनंतर ते नेसायचं, ओलं पिळून दोरीवर टाकायचं. लहानूला आणि आणखी चौघा-पाचांना मी अक्षरशः हातापाया पडून तयार केलं. ते न्हाले, वाळले, गरम धोतरं नेसून निघाले. मीही मागोमाग गेलो.

अनुसयाबाई दारातच होती. तिने लहानूला पायरीवर थांबवलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस कोरडे, भुरभुरीत, राखेसारखे. तिचा चेहरा पुन्हा पडला.

"बाई, आता तर कोरडा आहे ना तो?" मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. माझाही धीर सुटत चालला होता.

"सुतकातला मानूसबी वाळतेच ना बाप्पा!" ती म्हणाली. "डोस्कं पाहा त्याचं. रुखं. दारात असा उभा राह्यला का माह्या पोटात गोळा येते. मले समजते तो जिवंत हाये. पोटाले नाई समजत."

मी तिथेच ओट्यावर बसलो. इन्स्पेक्टर येण्याला थोडेच दिवस उरले होते. माझ्या डोळ्यांसमोर टेकूंनी भरलेलं न्हाणीघर दिसत होतं आणि बैलगाडीत चढवलेलं माझं सामान. लहानू बिचारा पायरीवर तसाच उभा. मी सहज, म्हणजे बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून, विचारलं, "बाई, मग सुतक फिटलं हे पोटाला कसं समजते?"

"कसं म्हंजे? डोक्याले तेल लागते ना," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती माझ्याकडे पाहू लागली. मी तिच्याकडे पाहू लागलो.

"लहानूच्या डोक्याले तेल असतं तर?" मी विचारलं.

ती आत गेली, हातात तेल घेऊन आली आणि एवढ्या मोठ्या टिंबरमनला पायरीवर बसवून तिने खसाखसा तेल लावलं. मग त्याला म्हणाली, "जा, त्या बाभळीपासून चालत ये बरं." लहानू लाजत बाभळीपर्यंत गेला आणि परत आला. अनुसयाबाईने डोळे बारीक करून दुरून पाहिलं. "हे ठीक हाये," ती म्हणाली. इतका सुटकेचा श्वास मी त्या वर्षात घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरकीपर सज्जन होता, पण नियमाचा पक्का.

"तेल पाहिजे."

"कोणत्या मशीनला?"

"माणसाच्या डोक्याला."

"त्याचा मागणीचा इंडेंट निघत नाही. ग्रीस देऊ?"

हे बोलणं बाहेर उभ्या असलेल्या सोमा मडावीने ऐकलं. सोमा पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावचा गोंड, आमच्याकडे डबे ढकलायचा. त्याच्या गावाकडून बरेच जण खाणीवर होते आणि त्यांच्यातही माती देऊन नाल्यावर न्हायची रीत होतीच. तो म्हणाला, "साहेब, आमच्या घरी टोळीचं तेल हाये. चालते का?" मोहाच्या बियांना तिकडे टोळी म्हणतात. त्यांचं तेल गोंडांच्या घरी स्वयंपाकाला, दिव्याला, अंगाला सगळ्याला चालतं. वास उग्र. मी म्हटलं, "चालते काय, पळते!"

तो मडकंभर घेऊन आला. पण टोळीचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी लोक बोटांनी खरवडून डोक्याला थापत होते आणि एकमेकांकडे पाहून हसत होते. मग मडकं ड्राइंग रूममध्ये वाफेच्या पाइपाला टेकवून ठेवलं. तेल मस्त पातळ राहू लागलं. वरोऱ्याच्या बाजारातून मी एक आरसा आणला आणि भिंतीला ठोकला.

त्यानंतर जे झालं त्याची मी कल्पनाच केली नव्हती. माणसं आरशासमोर रेंगाळू लागली. भांग पाडू लागली. इतकी वर्षं ज्यांना एकमेकांचं काळं तोंडच माहीत होतं, ती माणसं एकमेकांना "वा रे नवरदेव" म्हणू लागली. पाळी सुटली की चकचकीत डोक्यांची रांग वस्तीकडे निघायची. बाया दारात यायच्या, दुरूनच पाहायच्या आणि पुन्हा चुलीकडे वळायच्या. सगळ्या वस्तीला टोळीच्या तेलाचा वास यायला लागला. माझी बायको नाकाला पदर लावायची आणि मी तिला म्हणायचो, हा आपल्या नोकरीचा वास आहे.

इन्स्पेक्टर आले त्या दिवशी मी सकाळपासून फरशी तीनदा पाहून आलो होतो. सगळं ठीक होतं. मॅनेजरसाहेब त्यांना बॉयलर, पंप, दिवे दाखवत होते. पाळी सुटली, लोक न्हाणीघरात शिरले. इन्स्पेक्टर आत डोकावले. फवारे सुरू, माणसं ओट्यांवर बसून पाठी घासताहेत. "बहुत अच्छा," ते म्हणाले. आम्ही बाहेर येऊन उभे राहिलो, माणसं निघण्याची वाट पाहत.

कोणी निघेना.

मागून वर आलेले टिंबरमनही आत जाऊन न्हाले आणि फवारे बंद झाल्याचा आवाज आला. आत बोलणंही ऐकू येत होतं. पण दारातून एक माणूस बाहेर येईल तर शपथ. इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं. "आदमी कहाँ रह गए?" मॅनेजरसाहेब माझ्याकडे असे पाहू लागले की आता मला भस्मच करतात. मी आत गेलो. ड्राइंग रूममध्ये सगळे कोरडी धोतरं नेसून, भिंतीला टेकून उभे होते.

"अरे, निघा ना बाहेर! साहेब थांबलेत."

"साहेब, तेल कुठी हाये?" लहानू म्हणाला.

मी पाइपाकडे पाहिलं. मडकं नाही. भिंतीकडे पाहिलं. आरसाही नाही.

"तेलाबिगर आमी नाई निघत," सोमा म्हणाला. "घरी बाया दारात उभ्या असतेत. आज खाणीवर जीप आली हाये, वस्तीत आधीच गडबड होऊन राह्यली. रुखे डोस्के घेऊन गेलो तं काय होईल?"

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. बाहेर येऊन मी मॅनेजरसाहेबांना इन्स्पेक्टरांच्या देखतच विचारलं, "सर, तेलाचं मडकं कुठे आहे?"

"कसलं मडकं?" ते इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. मग हळूच मराठीत, "ते माझ्या केबिनमध्ये आहे. नियमात तेल कुठे आहे? आरसा कुठे आहे? साहेब विचारतील म्हणून काढून ठेवलं. गप्प बसा."

मी गप्प बसलो नाही. गप्प बसून नोकरी जाणारच असेल तर बोलून का जाऊ नये, एवढाच विचार केला. सरळ केबिनमध्ये गेलो, एका हातात मडकं आणि दुसऱ्या हातात आरसा घेऊन सगळ्यांच्या समोरून परत आलो. तेल पुन्हा गोठलं होतं. इन्स्पेक्टरांनी मला थांबवलं.

"ये क्या है?"

मी सांगितलं. ओली धोतरं, मातीवरून येणं, छत पडलं तो दिवस, सुतक, रुखं डोकं, सगळं. माझं हिंदी यथातथाच. मॅनेजरसाहेब मध्येच म्हणाले, "सर, ही ओव्हरसिअरची स्वतःची कल्पना. खाणीचा संबंध नाही." इन्स्पेक्टरांनी हातानेच त्यांना थांबवलं. ते मडक्यात पाहत होते.

"तो इन्हें तेल दो," ते म्हणाले. "जल्दी."

मडकं आत गेलं. पाच-सात मिनिटांत माणसं बाहेर पडायला लागली, भांग पाडलेली, चमकणारी, त्या उग्र वासाच्या लोटासकट. इन्स्पेक्टर बाजूला झाले नाहीत. फाटकापर्यंत त्यांच्या मागोमाग चालत गेले. फाटकापलीकडे जीप पाहून जमलेल्या बाया उभ्या होत्या, अनुसयाबाई पुढेच. तिने रांगेवरून नजर फिरवली, एक-एक डोकं पाहत. शेवटचं डोकं पाहून झाल्यावर ती मागे वळून म्हणाली, "चला वो, भाकरी टाका. सारे आले."

इन्स्पेक्टरांनी मला विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. ते मॅनेजरसाहेबांकडे वळून म्हणाले, तेल स्टोअरमधून मिळालं पाहिजे, दर महिन्याला. स्टोअरकीपरने ते पुढे कोणत्या मशीनच्या नावावर टाकलं कोण जाणे, मी विचारलं नाही. टेकू शेडच्या बाहेरच राहिले. माझी ऑर्डर पर्मनंट झाली, त्यावर मॅनेजरसाहेबांचीच सही होती आणि सही करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी येऊन सांगितलं तशी आईने आधी दिव्यांचं खोकं कधी हलणार ते विचारलं.

पुढे मी पुष्कळ बांधकामं केली. शाळा, दवाखाने, धर्मशाळा, आणखी दोन न्हाणीघरं. नकाशात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे बाणांनी दाखवायची पद्धत आहे. माणसासाठी तसा बाण नाही. म्हणून मी काम हातात घेतल्यावर आधी साइटवर न जाता वस्तीत जातो आणि इथून निघालेला माणूस घरी पोचतो तेव्हा दारात कोण उभं असतं, ते पाहून येतो.